उम्रीगरांचा दुसरा डाव

पॉली उम्रीगर यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण १९६२ च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनला येऊन थांबतात. तिथं ते शेवटची कसोटी खेळले. मग आकडे येतात. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं, ३५ बळी. निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सर्वाधिक कसोटी, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतकं, हे तिन्ही विक्रम त्यांच्याच नावावर होते. इथं पडदा पडतो. पुढची चव्वेचाळीस वर्षं ‘निवृत्तीनंतर त्यांनी अनेक पदं भूषवली’ एवढ्या एका वाक्यात उरकली जातात. हे पुस्तक त्या एका वाक्यापाशी थांबलं आणि ते उलगडायला बसलं, म्हणून त्याची प्रस्तावना मी मनापासून लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा गाभा तीच आहे. उम्रीगर चौदा वर्षं कसोटी क्रिकेट खेळले, इंग्लंड, वेस्ट इंडीज, पाकिस्तान सगळीकडे गेले, आणि या सगळ्या काळात भारतानं परदेशात एकही कसोटी जिंकली नाही. परदेशातला पहिला विजय मिळाला तो १९६८ मध्ये, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला. तोवर उम्रीगर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पण पुढे मॅनेजर म्हणून संघाबरोबर गेले तेव्हा त्यांनी परदेशात एकूण चार विजय पाहिले: ऑकलंड, पोर्ट ऑफ स्पेन, मेलबर्न आणि सिडनी. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांत तर खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नव्हती. भारतीय संघ १९४७-४८ नंतर थेट १९६७-६८ मध्येच ऑस्ट्रेलियाला गेला, आणि उम्रीगरांची सगळी कारकीर्द बरोबर त्या वीस वर्षांच्या पोटात मावली. बॅट हातात असताना जे मिळालं नाही, ते त्यांना ब्लेझर घालून पॅव्हेलियनमध्ये बसल्यावर मिळालं.

चार विजयांचं श्रेय मॅनेजरला द्यायचं का? नाही, मी ते देणार नाही. ऑकलंडला प्रसन्नांनी दुसऱ्या डावात ७६ धावांत ८ बळी घेतले, मेलबर्नला चंद्रशेखर यांनी दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी घेतले. सामने त्यांनी जिंकले. पण संघाबरोबर कोण उभं आहे, त्या माणसानं स्वतः काय सोसलंय, याला काहीच अर्थ नसतो असं मला वाटत नाही. उम्रीगरांच्या बाबतीत तर त्याला फार अर्थ आहे. त्यांच्या दुसऱ्या डावातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पहिल्या डावातल्या एखाद्या जखमेपाशी जाऊन पोचते.

सोलापूरच्या वाचकासाठी थोडं मागं जातो. पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, आणि क्रिकेटच्या दप्तरात जन्मगावापुढे सोलापूर असं लिहिलेलं आहे. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. त्या काळातल्या सोलापुरात कापडाचा व्यवसाय म्हणजे गावाच्या नाडीवरच बोट. जुनी गिरणी १८७७ पासून सुरू होती, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या होत्या, आणि भोंग्यावर गावाचं घड्याळ लागायचं. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ पुकारला गेला, आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा हे चौघं येरवड्याला फासावर गेले, तेव्हा पहलन चार वर्षांचा होता. शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेलं. क्रिकेटपटू म्हणून त्यांना मुंबईनं घडवलं, यात वाद नाही. तरीही आपल्या गावानं या माणसाची आठवण इतकी क्षीण होऊ द्यायला नको होती. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पार्क मैदानावर बऱ्याच वर्षांनी रणजी सामना झाला, तेव्हा गर्दी करून आलेल्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की कसोटीत द्विशतक ठोकणाऱ्या पहिल्या भारतीयाच्या नावापुढे सोलापूरच लिहिलेलं आहे?

मुंबईत ते पारशी क्रिकेटच्या परंपरेत जाऊन मिळाले. १८८६ मध्ये इंग्लंडचा दौरा करणारी ही जमात. भारतात क्रिकेट रुजवलं ते तिनंच. १९४४ च्या पंचरंगी स्पर्धेत अठराव्या वर्षी उम्रीगर पारशांकडून उतरले. सेंट झेवियर्स कॉलेज, मुंबई विद्यापीठाचं कर्णधारपद, मग १९४८ मध्ये वेस्ट इंडीजच्या पाहुण्या संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठांकडून नाबाद ११५. त्या खेळीनंतर थोड्याच आठवड्यांत, डिसेंबरात, ब्रेबॉर्नवर कसोटी पदार्पण. हा सगळा चढ भराभर झाला. पुढचा मात्र तसा नव्हता.

१९५२ हे वर्ष नीट पाहायला हवं. फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्धची शेवटची कसोटी होती, आणि उम्रीगरांना वगळलेलं होतं. ऐन वेळी हेमू अधिकारी जखमी झाले म्हणून त्यांना जागा मिळाली. सातव्या क्रमांकावर येऊन त्यांनी नाबाद १३० केल्या, विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, आणि भारतानं पहिली कसोटी जिंकली, तीही डावानं. हिरो व्हायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. चार महिन्यांनी ते इंग्लंडला गेले आणि समोर फ्रेड ट्रूमन उभा राहिला. चार कसोटींत, सात डावांत मिळून ४३ धावा. ट्रूमन धावत आला की उम्रीगरांचा पाय लेगकडे सरकायचा. हे सगळ्या जगानं पाहिलं आणि पुढे कित्येक वर्षं सांगितलं. त्याच दौऱ्यात काउंटी संघांविरुद्ध आणि इतर सामन्यांत ते धावांच्या राशी ओतत होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माणसाच्या भीतीची गोष्ट त्याच्या पराक्रमापेक्षा लांब पल्ल्याची असते.

त्या भीतीतून ते कसे बाहेर आले, हे पुस्तकात सविस्तर आहे. मी फक्त टप्पे सांगतो. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत ५६० धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. १९५९ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेले आणि ओल्ड ट्रॅफर्डवर ट्रूमनच्या संघाविरुद्ध ११८ धावा ठोकल्या. सात वर्षं लागली, पण हिशेब चुकता केला.

कर्णधारपदाची कहाणी आणखी कडू आहे. आठ कसोटींत ते कर्णधार होते, त्यात दोन विजय, दोन पराभव. १९५८-५९ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत भारतानं एकामागून एक चार कर्णधार पाहिले. मद्रास कसोटीसाठी उम्रीगरांकडे कर्णधारपद आलं. संघात एक जागा रिकामी होती. उम्रीगरांना फलंदाज मनोहर हर्डीकर हवे होते, मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगरांनी राजीनामा दिला. ज्याला मैदानात संघ चालवायचा आहे त्याचा शब्द संघ निवडताना चालत नसेल, तर त्यानं नाणेफेकीला जायचं कशासाठी? माझ्या मते त्या रात्री ते पूर्णपणे बरोबर होते. आणि त्यांचा राग माणसांवर नव्हता, हे वर्षभरात दिसलं. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला भारतानं ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं. त्या सामन्यात जसू पटेल यांनी १४ बळी घेतले, आणि दुसऱ्या डावात पडलेल्या नऊ गड्यांपैकी पाच पटेलांनी, चार उम्रीगरांनी टिपले. ज्याच्या निवडीवरून कर्णधारपद सोडलं, त्याच्याच जोडीनं दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी टाकून ऑस्ट्रेलियाला गुंडाळलं.

मग १९६२. वेस्ट इंडीजचा तो दौरा भारतीय क्रिकेट विसरू शकत नाही. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. हेल्मेटचा जमाना नव्हता. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागलं तेव्हा वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल यानं दिलं, चंदू बोर्डे यांनी दिलं, बापू नाडकर्णी यांनी दिलं, उम्रीगरांनी दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत. एकवीस वर्षांच्या पतौडींकडे कर्णधारपद आलं आणि मालिका पुढे रेटली गेली.

त्यानंतर काही आठवड्यांतच पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर चौथी कसोटी झाली, आणि छत्तीस वर्षांच्या उम्रीगरांनी जे केलं, त्याला जोड म्हणून मला तरी भारतीय क्रिकेटमध्ये फार थोडी उदाहरणं सापडतात. आधी ५६ षटकं टाकून १०७ धावांत ५ बळी. मग पहिल्या डावात ५६. भारतावर फॉलोऑन आल्यावर नाबाद १७२, हॉल आणि सोबर्सच्या तोफखान्यासमोर, सुमारे चार तासांत. सलीम दुराणींनीही त्या डावात शतक काढलं. तरी सामना सात गड्यांनी गेला. एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी घेणारे ते मंकड यांच्यानंतरचे दुसरे भारतीय. पुढची कसोटी खेळून ते थांबले.

आता दुसरा डाव.

जगात खेळाडूचा मॅनेजर झाल्याच्या मोठ्या गोष्टी सांगायच्या तर त्या अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सापडतात. कॉनी मॅक हा एकोणिसाव्या शतकातला कॅचर. त्यानं १९०१ पासून १९५० पर्यंत सलग पन्नास मोसम फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक्स संघ चालवला. जॉन मॅग्रॉ यानं न्यूयॉर्क जायंट्स तीस वर्षं सांभाळला. तिथं मॅनेजर बाकावर बसून खेळ हलवतो, कुणाला काढायचं, कुणाला आणायचं, चेंडू कसा टाकायचा, सगळं त्याच्या खुणेवर. क्रिकेटमध्ये मैदानावरची सत्ता कर्णधाराची. भारतीय दौऱ्यावरच्या मॅनेजरकडे उरायचं ते बाकीचं सगळं. हॉटेल, सामान, भत्ते, मेजवान्या, यजमान मंडळाशी पत्रव्यवहार, सरावाची जाळी, वार्ताहर, आजारपण, घरून आलेली तार. आज संघाबरोबर प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक असा ताफा असतो. सत्तरच्या दशकात ते सगळं बहुतांशी एका माणसात मावायचं. पूर्वी ही जागा क्रिकेटबाहेरच्या बड्या लोकांकडे जायची. नाव कमावलेल्या खेळाडूंनी ती घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिचं स्वरूप बदललं. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी १९७१ मध्ये इंग्लंडला वाडेकरांच्या संघाचे मॅनेजर होते, आणि लष्करी शिस्तीनं त्यांनी क्षेत्ररक्षण घासून घेतलं. १९५२ मध्ये ज्यांच्या दुखापतीमुळे उम्रीगरांना जागा मिळाली, तेच हे अधिकारी. पुढे बोर्डे, खुद्द वाडेकर याच वाटेनं गेले. महाराष्ट्रानं भारतीय संघाला फलंदाज किती दिले हे आपण मोजतो. या माणसांनाही त्या मोजणीत घ्यायला हवं.

१९७६ च्या सुरुवातीला उम्रीगर बिशनसिंग बेदींच्या संघाबरोबर आधी न्यूझीलंडला आणि तिथून वेस्ट इंडीजला गेले. न्यूझीलंडची मालिका १-१ अशी सुटली. वेस्ट इंडीजमध्ये पहिली कसोटी डावानं गेली, दुसरी अनिर्णित राहिली. तिसरी गयानात व्हायची होती. तिथल्या पावसानं ती पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला आली. त्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर. उम्रीगरांनी तिथं १९५३ मध्ये १३० केल्या होत्या, १९६२ मध्ये नाबाद १७२, आणि दोन्ही वेळा विजय हुकला होता. आता चौथ्या डावात भारतापुढे ४०३ धावांचं लक्ष्य होतं. चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून जिंकण्याचा प्रकार कसोटीच्या इतिहासात तोवर एकदाच घडला होता, १९४८ मध्ये ब्रॅडमनच्या संघाकडून. गावस्करांनी १०२ केल्या, विश्वनाथांनी ११२, मोहिंदर अमरनाथांनी ८५, ब्रिजेश पटेल ४९ वर नाबाद राहिले, आणि १२ एप्रिलला भारत ४ बाद ४०६ वर पोचला.

वेस्ट इंडीजनं आपल्या या पराभवाची किंमत वसूल केली ती पुढच्या आठवड्यात, किंग्स्टनच्या सबायना पार्कवर. फिरकीच्या भरवशावर खेळून हरलेल्या क्लाइव्ह लॉईडनं आता वेगवान गोलंदाज सोडले. खेळपट्टीवर उसळी बेभरवशाची, आणि मायकेल होल्डिंग तेव्हा बावीस वर्षांचा. गावस्कर आणि अंशुमन गायकवाड यांनी १३६ ची सलामी दिली. त्यानंतर राउंड द विकेट बाउन्सर सुरू झाले, मधूनच बीमर. सात तासांहून अधिक काळ अंगावर मार खात गायकवाड ८१ पर्यंत गेले, तेव्हा एक चेंडू डाव्या कानाच्या वर लागला आणि त्यांना थेट रुग्णालयात न्यावं लागलं. विश्वनाथ ज्या चेंडूवर बाद झाले त्याच चेंडूनं त्यांचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलांच्या तोंडावर चेंडू बसून टाके पडले. ६ बाद ३०६ वर बेदींनी डाव सोडला, कारण खालच्या गोलंदाजांना त्या माऱ्यासमोर उभं करणं त्यांना मान्य नव्हतं. पुढे क्षेत्ररक्षण करताना बेदी आणि चंद्रशेखर यांच्या हातांना इजा झाली. बदली म्हणून आलेले सुरिंदर अमरनाथ अपेंडिक्सच्या दुखण्यानं रुग्णालयात गेले. दौऱ्यावरचे सतराच्या सतरा खेळाडू या ना त्या वेळी मैदानात उतरले. दुसऱ्या डावात ५ बाद ९७ वर खेळ थांबला, कारण पुढचा माणूस फलंदाजीला येऊ शकत नव्हता. वेस्ट इंडीजला १३ धावा हव्या होत्या.

या पाच दिवसांत मॅनेजरच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, हे मनात धरून तो सामना पुन्हा वाचा. ज्याला तरुणपणी ट्रूमनच्या वेगानं लेगकडे सरकवलं होतं तो माणूस. ज्यानं चौदा वर्षांपूर्वी याच बेटांवर, कवटी फुटलेल्या आपल्या कर्णधाराला रक्त दिलं होतं तो माणूस. गायकवाड, विश्वनाथ, पटेल यांच्या दुखापतींची यादी त्याच्यासाठी नुसती यादी नव्हती. त्या गोलंदाजीबद्दल आणि पंचांच्या बघ्याच्या भूमिकेबद्दल उम्रीगर संघाच्या वतीनं उघड बोलले. बाहेर अनेकांना भारतीय रडतात असं वाटलं, नंतरही ते म्हटलं गेलं. मला ते कधीच पटलं नाही. वेगाला भिणं म्हणजे काय हे ज्यानं स्वतःच्या पायांत अनुभवलं आणि मग त्याच वेगासमोर उभं राहून १७२ केल्या, त्याला धैर्य आणि बेपर्वाई यातला फरक कळतो. पोरांनी आणखी मार खावा आणि आपण शूर म्हणवून घ्यावं, असा सल्ला त्यानं दिला नाही. बेदींच्या निर्णयामागे तो उभा राहिला.

दोन वर्षांनी, १९७७-७८ मध्ये, ते पुन्हा बेदींच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले. केरी पॅकरच्या सर्कशीनं ऑस्ट्रेलियाचे बडे खेळाडू पळवले होते आणि एकेचाळीस वर्षांचे बॉबी सिम्पसन निवृत्तीतून परत येऊन कर्णधार झाले होते. ब्रिस्बेनला भारत १६ धावांनी हरला, पर्थला दोन गड्यांनी. अशा दोन निसटत्या पराभवांनंतर संघ सहसा विस्कटतो. हा विस्कटला नाही. मेलबर्नला २२२ धावांनी विजय, ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर भारताचा पहिला. लगेच सिडनीला डावानं. अ‍ॅडलेडच्या निर्णायक कसोटीत ४९३ च्या पाठलागात ४४५ पर्यंत मजल गेली आणि मालिका २-३ अशी हातून निसटली. भारतीय क्रिकेटमधल्या इतक्या रंगलेल्या मालिका बोटांवर मोजाव्यात.

त्यानंतर १९७८ ते १९८२ ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. निवडीच्या वादापायी कर्णधारपद सोडणारा माणूस आता निवडणाऱ्याच्या खुर्चीत बसला, हा योग किती विलक्षण! याच वर्षांत फिरकीच्या चौकडीचा काळ सरला, कपिल देव संघाचा कणा झाले, संदीप पाटील आले, रवी शास्त्री आले. संघ एका पिढीतून दुसरीत गेला, आणि १९८३ मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषक उचलणाऱ्या संघाची बरीचशी जुळवाजुळव त्या चार वर्षांत झाली. निवड समितीच्या कामाचं वर्तमानपत्रांत फार काही उरत नाही, वाद तेवढे उरतात. या पुस्तकातही त्या काळाला दिलेली पानं थोडी आहेत. ती वाढायला हवी होती असं मला वाटतं.

मुंबई क्रिकेट असोसिएशनचं सचिवपद, भारतीय मंडळाचं कार्यकारी सचिवपद, प्रशिक्षणावरचं पुस्तक, आणि उतारवयात खेळपट्टी तयार करण्याचं काम. या शेवटच्या कामाबद्दल मला विशेष आदर वाटतो. ज्याच्या नावावर कधीकाळी देशातले सर्वाधिक कसोटी धावांचे आणि शतकांचे विक्रम होते, तो सत्तरी ओलांडल्यावर सकाळच्या उन्हात माती किती दबली, पाणी किती मुरलं, रोलर किती फिरवायचा हे पाहत उभा राहतो. त्यात मानाचं काही नाही. शिव्या खायचंच काम आहे, कारण सामना रंगला तर श्रेय खेळाडूंना आणि फसला तर दोष खेळपट्टीला. तरी त्यांनी ते केलं.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत ते गेले. वर्षाच्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला भारतीय मंडळ देतं तो पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा करंडकही त्यांच्याच नावाचा होता. पहिला दूरदर्शनवर दिसतो, म्हणून लोकांना ठाऊक असतो. मला दुसरा जास्त जवळचा वाटतो. आपल्या भागातली पोरं आधी त्याच्याच वाटेला लागायची.

पुस्तक कुठूनही वाचायला घ्यावं असं आहे. तरी सुचवतो, की वाचकानं आधी १९५२ चं प्रकरण वाचावं आणि मधली पानं तूर्त सोडून लगेच १९७६ च्या प्रकरणावर जावं. मधल्या धावा नंतर मोजता येतील.